कॉस्मेटॉलॉजी कुठे शिकावी? आधी खुर्च्या मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 29, ऑफिसातली नोकरी सोडून कॉस्मेटॉलॉजी शिकायची आहे आणि समोर तीन वाटा आहेत. मोठ्या नावाच्या अकॅडमीचा सहा महिन्यांचा कोर्स, व्यवसाय प्रशिक्षण संस्थेतला वर्षभराचा कोर्स, किंवा ओळखीच्या सलोनमध्ये हाताखाली राहून शिकणं. घरचे म्हणतात, ज्याचं सर्टिफिकेट मोठं तिथे जा. तुम्ही विचारताय, यातलं चांगलं कुठलं, आणि या वयात सुरुवात करायला उशीर झालाय का.

वयाचं आधी निकालात काढते, कारण ते सोपं आहे. 29 हे या कामाला अजिबात उशिराचं वय नाही. ऑफिसात तुम्ही माणसं हाताळली आहेत, वेळ पाळायची सवय आहे, समोरच्याशी बोलताना आवाज कापत नाही. शाळेतून थेट आलेल्या मुलीचे हे शिकण्यातच कितीतरी महिने जातात. वयापेक्षा शरीराचा विचार करा. दिवसभर उभं राहणं, खांद्याच्या उंचीवर हात धरून ब्लो ड्राय करणं, हात सतत ओले. मनगट किंवा कंबर आधीपासून कुरकुरत असेल, हातावर वरचेवर एक्झिमा उठत असेल, तर फी भरण्याआधी डॉक्टरांशी बोला. हातांचा एक्झिमा हे या धंद्यातलं नेहमीचं दुखणं आहे. शाम्पू, सततचं पाणी आणि रंगातली रसायनं यांनी तो चिघळतो, आणि उत्तम हात असलेल्या मुलींना त्यापायी काम सोडावं लागलेलं मी पाहिलंय.

आता मूळ प्रश्न. मी सलोन चालवते, शिकवते, आणि नवीन मुलंमुली नोकरीला येतात तेव्हा त्यांची ट्रायल घेते. एकाच संस्थेच्या एकाच बॅचमधल्या दोघी येतात. एकीचा हात बसलेला असतो, दुसरीला सरळ सेक्शन, म्हणजे कापण्याआधी केसांचे भाग, काढता येत नाही. दोघींच्या फायलीत तेच सर्टिफिकेट, तोच शिक्का. बोलताना कळतं की पहिली प्रॅक्टिकलला पुढे घुसायची आणि दुसरी कडेला उभी राहून बघायची. तिला मागे राहू दिलं गेलं, एवढंच. त्यामुळे ‘चांगली संस्था कुठली’ याला मी उत्तर देत नाही, प्रश्नच बदलते: कोर्स संपेपर्यंत तुमच्या हाताखालून किती खरी डोकी आणि किती खरे चेहरे जातील, आणि त्या वेळी तुमच्या शेजारी कोण उभं असेल? हे एकदा कळलं की नाव, इमारत, काचेचे दरवाजे, प्रसिद्ध माणसांसोबतचे फोटो हे सगळं आपोआप मागे पडतं.

त्याआधी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या तुम्हीच ठरवायच्या. तुम्हाला नक्की काय करायचंय? कॉस्मेटॉलॉजी या एका नावाखाली केस, त्वचा, नखं आणि मेकअप असे चार वेगवेगळे धंदे येतात. फक्त मेकअप किंवा फक्त नखं करायची असतील तर चांगला छोटा कोर्स आणि त्यानंतर भरपूर सराव एवढ्यावर भागतं. केसांना सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण तिथे कात्री आणि रसायन दोन्ही शिकायचं असतं, आणि दोन्हीतली चूक महिनोन्‌महिने ग्राहकाच्या डोक्यावर राहते. तुमच्या प्रश्नातून वाटतंय की तुम्हाला स्वतःचं सलोन कधीतरी काढायचंय, म्हणून मी केस मध्यभागी धरून लिहितेय. तसं नसेल तर पुढचं थोडं सैल करून वाचा.

दुसरं म्हणजे कुठे काम करायचंय. याचे नियम जागेगणिक इतके वेगळे आहेत की एका ठिकाणचा सल्ला दुसरीकडे निरुपयोगी ठरतो. जर्मनीत केशकर्तनाची तीन वर्षांची रीतसर उमेदवारी असते आणि स्वतःचं सलोन काढायला साधारणपणे त्यावरची ‘माइस्टर’ पात्रता लागते. ब्रिटनमध्ये 1964 चा कायदा आहे, पण त्याखालची नोंदणी ऐच्छिक आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं आणि त्यासाठी लागणारे तास वेगळे. कॅलिफोर्नियात ते 1,600 होते, 2022 पासून 1,000 झाले. पुढे परदेशी किंवा दुसऱ्या राज्यात जायचा विचार मनात असेल, तर संस्था निवडायच्या आधी तिथल्या लायसन्स मंडळाचे नियम स्वतः वाचा. संस्थेच्या काउन्सेलरकडून ऐकू नका. त्याचं काम बॅच भरणं आहे.

आता खुर्च्या. माहितीपत्रकात ‘400 तास प्रॅक्टिकल’ असं छापलेलं असतं. हे 400 तास तुम्ही खोलीत असण्याचे आहेत, कात्री हातात असण्याचे नाहीत. बॅच 20 जणांची आणि स्टायलिंगच्या खुर्च्या पाच असतील तर एका वेळी पाचच जण काम करतात. तुमच्या वाट्याला 400 तले 100 तास आले. उरलेले 300 तास दुसरीच्या खांद्यावरून बघण्याचे. बघणंही शिकणंच आहे, पण त्याने हात बसत नाही. शिक्षकांचाही असाच हिशेब करा. तीन तासांच्या प्रॅक्टिकलला एक शिक्षिका आणि 20 विद्यार्थी असतील तर प्रत्येकाला नऊ मिनिटं मिळतात. नवशिक्या मुलीला एका हेअरकटला दीड तास सहज लागतो. त्यातली नऊ मिनिटं शिक्षिका जवळ असेल तर ती फक्त शेवट बघून ‘छान’ किंवा ‘अरे देवा’ एवढंच म्हणू शकते. आठ जणांच्या बॅचला हीच वेळ बावीस मिनिटांच्या वर जाते, आणि बावीस मिनिटांत सेक्शनिंगला एकदा, गाइडलाइनला (ज्या पहिल्या कापलेल्या बटेच्या मापाने बाकीचे केस कापतात) एकदा, चेकिंगला एकदा असं तीनदा येऊन जाता येतं. म्हणून पहिल्या भेटीत तीन आकडे विचारा: बॅच किती जणांची, चालू खुर्च्या किती, प्रॅक्टिकलच्या वेळी शिक्षक किती. टाळाटाळ झाली तर स्वतः मोजा. खुर्च्या लपवता येत नाहीत.

त्या खुर्च्यांवर बसतं कोण, हेही बघा. डमीवर सुरुवात करणं योग्यच आहे. पण डमीला भोवरा नसतो, मानेवरचे केस उलटे उगवत नाहीत, तिचं डोकं हलत नाही आणि ती ‘थोडेसेच काप हं’ म्हणत नाही. शिवाय बहुतेक डम्यांचे केस सरळ असतात. कुरळे आणि घट्ट कुरळे केस ओले असताना लांब दिसतात, वाळले की आखडून वर जातात. सरळ केसांच्या मापाने कापले तर ग्राहक रडकुंडीला येतो. या बाबतीत शिक्षण इतकं तोकडं होतं की न्यूयॉर्क राज्याने 2023 मध्ये सर्व प्रकारच्या केसांचं शिक्षण अभ्यासक्रमात सक्तीचं करणारा कायदा केला. तुमच्या संस्थेत विचारा, जिवंत मॉडेल कोण आणतं? ‘तुमच्या मैत्रिणी आणा’ असं उत्तर आलं तर तुमच्या मैत्रिणी संपल्या की सराव संपला. ज्या संस्थेचं स्वतःचं विद्यार्थी सलोन आहे, जिथे बाहेरचे लोक कमी पैशात काम करून घ्यायला येतात, ती संस्था या एका बाबतीत इतरांच्या फार पुढे असते.

आणि अशी जागा असेल तर माझा सर्वांत उपयोगी सल्ला हा: चौकशीला जाऊ नका, ग्राहक म्हणून जा. अपॉइंटमेंट घ्या, विद्यार्थिनीकडून केस कापून घ्या किंवा फेशियल करून घ्या. डेमो लेक्चर सगळ्यांचंच चांगलं होतं, तिथे सर्वांत गोड बोलणारी शिक्षिका पाठवतात. खुर्चीवर बसल्यावर मात्र काही लपत नाही. विद्यार्थिनीने हात लावण्याआधी तुम्हाला काय विचारलं? याआधी रंग कधी केला होता, घरी केला की बाहेर, मेंदी लावता का, काही औषध चालू आहे का, टाळूवर जखम वगैरे? मेंदीचा प्रश्न उगाच नसतो. बाजारातल्या काही मिश्र मेंद्यांत धातूंचे क्षार असतात, त्यांचा रंगात मिसळायच्या पेरॉक्साइडशी संबंध आला की केस तापतात आणि तुटतात. हे विचारायची सवय लावलेली असेल तर तिथे कुणीतरी नीट शिकवतंय.

शिक्षिका कशी दुरुस्ती करते तेही तिथेच दिसतं. एक प्रसंग सांगते, असे मी अनेकदा पाहिलेत. मुलीने बॉब कापलाय आणि रेषा एका बाजूला उतरलीय. एक प्रकारची शिक्षिका येते, कात्री घेते, चार कात्र्या मारते, रेषा सरळ होते, ग्राहक खूश. मुलगी काय शिकली? की मॅडमना जमतं. दुसऱ्या प्रकारची शिक्षिका हात पाठीमागेच ठेवते. ती ग्राहकाला सरळ बसवते, पाय जमिनीवर टेकवायला सांगते. मग मुलीला म्हणते, पुढच्या दोन्ही बटा विंचरून हनुवटीखाली एकत्र आण. कुठली लांब? मुलगी बघते. डावी. का झाली? मुलीला उमजत नाही. तू कापत होतीस तेव्हा यांचं डोकं कुठे होतं? मग मुलीच्या लक्षात येतं की ग्राहक बाईंनी मांडी घातली होती, एक खांदा खाली गेला होता आणि त्याबरोबर डोकंही. आता कुठून काढशील? मुलगी बोट दाखवते. काढ. या दुसऱ्या शिक्षिकेला पाच मिनिटं जास्त लागली. पण ती मुलगी पुढे आयुष्यभर ग्राहकाची मांडी सोडवल्याशिवाय बॉबला कात्री लावणार नाही. अशी शिक्षिका जिथे दिसेल तिथे बाकीच्या उण्या बाजू मी माफ करीन.

(डावखुऱ्या असाल तर एक जास्तीचा प्रश्न. डावखुरी कात्री वेगळी असते आणि शिक्षिकेच्या हालचाली आरशात बघितल्यासारख्या उलट्या करून शिकाव्या लागतात. काही ठिकाणी अजूनही ‘उजव्या हाताने सवय कर’ म्हणतात. तिथून निघा.)

खुर्चीत बसल्या बसल्या स्वच्छता बघून घ्या, त्यात शिक्षणाचा दर्जा फार लवकर कळतो. कंगव्यांच्या निळ्या द्रावणाच्या बरणीत केस तरंगत असतील तर तिथे निर्जंतुकीकरण हा देखावा आहे. कंगवा आधी केस काढून साबणाने धुवायचा, मग द्रावणात पूर्ण बुडवायचा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ, बहुधा दहा मिनिटं, तसाच ठेवायचा. मळ असलेल्या अवजारावर द्रावण नीट काम करत नाही. निळ्या दिव्याची छोटी यूव्ही कपाटं सगळीकडे असतात. ती स्वच्छ केलेली अवजारं ठेवायला ठीक, पण अवजार निर्जंतुक करण्यासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. वॅक्सची लाकडी पट्टी एकदा त्वचेला लागली की पुन्हा भांड्यात गेली का, हे तर नुसतं उभं राहून दिसतं. विद्यार्थिनी हातमोजे कधी घालते, तेही बघा. रंग लावताना सगळ्याच घालतात. रंग धुताना कितीजणी घालतात त्यावर शिकवण कळते, कारण हात तेव्हाच खराब होतात.

थिअरीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथेच बहुतेक जण गंडतात. ‘आमच्याकडे 100 टक्के प्रॅक्टिकल’ अशी जाहिरात बघून मुली खूश होतात. मला ते वाचून धडकी भरते. केसांचा रंग हे रसायनशास्त्र आहे. डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं द्रावण, 3, 6, 9 आणि 12 टक्के पेरॉक्साइडचा येतो, आपण त्यालाच 10, 20, 30, 40 व्हॉल्यूम म्हणतो. युरोपीय संघाच्या नियमात केसांच्या उत्पादनांत पेरॉक्साइडची कमाल मर्यादाच 12 टक्के आहे. डेमोला गेलात तर एकच प्रश्न विचारा: 6 टक्के कधी आणि 9 टक्के कधी? ‘9 ने जास्त उजळतं’ एवढंच उत्तर आलं तर समजा की पाठांतर आहे. जाणकार शिक्षिका आधी उलट विचारेल: केस नैसर्गिक आहेत की रंगवलेले? किती लेव्हलचे, म्हणजे किती गडद? पांढरे किती? टाळूला लागणार की फॉइलमध्ये? केस जाड की विरळ? आणि रंगवलेले असतील तर ती आपल्या धंद्यातलं वाक्य म्हणेल, की रंग रंगाला उचलत नाही. म्हणजे आधीच गडद रंग लावलेल्या केसांवर फिका रंग लावून ते उजळत नाहीत, आधी जुना रंग काढावा लागतो. हे न शिकलेल्या मुली मुळांशी केशरी आणि टोकांशी काळं असं डोकं करून ठेवतात. मुळं उजळतात कारण तिथे नैसर्गिक केस असतात, शिवाय टाळूची ऊब असते.

पॅच टेस्टचंही तसंच. गडद कायमच्या रंगांत पीपीडी (पॅराफेनिलीनडायअमीन) हे रसायन किंवा त्याच्या जातीचं द्रव्य बहुधा असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी गंभीर होऊ शकते. कानामागे किंवा कोपराच्या आत थोडं लावून 48 तास बघायचं. ‘मी तर नेहमी हाच रंग लावते’ म्हणणाऱ्या ग्राहकालाही, कारण ही अ‍ॅलर्जी अनेक वापरांनंतर अचानक उमटू शकते. जिच्या हातावर कधी काळा तात्पुरता टॅटू काढलाय तिच्या बाबतीत तर जास्तच जपायचं, त्या काळ्या रंगातही बऱ्याचदा पीपीडी घातलेलं असतं. संस्थेच्या विद्यार्थी सलोनमध्ये पॅच टेस्टची वही आहे का ते विचारा. वही नसेल तर तिथे ते फक्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आहे.

स्ट्रेटनिंगच्या बाबतीत दोन गोष्टी शिकवल्या जातात का बघा. एक, थायोग्लायकोलेटची (पर्म आणि काही स्ट्रेटनिंगमधलं रसायन) प्रक्रिया झालेल्या केसांवर हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारं दुसऱ्या जातीचं रसायन, लावायचा नसतो, केस हातात येतात. दोन, काही स्मूदनिंग उत्पादनं इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू सोडतात. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, 2004 मध्ये त्याला मानवात कर्करोग घडवणारं ठरवलं. ग्राहक एकदा बसून जातो, तुम्ही रोज तिथे उभ्या राहणार. ज्या खोलीत हे शिकवतात तिथे हवा खेळती आहे का, डोळे चुरचुरतात का, हे नाकानेच कळेल.

त्वचेच्या कोर्सबद्दल एवढंच: चांगली शिक्षिका फेशियल कसं करायचं याइतकंच ते कधी करायचं नाही हे शिकवते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या किंवा ते नुकतंच बंद केलेल्या व्यक्तीला वॅक्स केलं तर वरची त्वचाच सोलून येऊ शकते. ओठावर नागिणीसारखे पुरळ असताना चेहऱ्याला हात लावायचा नाही. त्वचा उन्हाला कशी प्रतिसाद देते यावरून तिचे सहा प्रकार करणारी फिट्झपॅट्रिक मोजपट्टी आहे. ती न शिकवता कुणी पील किंवा लेझरचा ‘तीन दिवसांचा अ‍ॅड-ऑन’ विकत असेल तर तो घेऊ नका. लेझर कुणी वापरायचा याचेही अनेक ठिकाणी वेगळे नियम असतात. नखांच्या बाबतीत न सुकलेलं जेल त्वचेला लागू न देणं हा पहिला धडा असायला हवा, कारण जेलमधल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की ती सहसा पाठ सोडत नाही.

इथवर एकदा मागे वळून बघू: खुर्च्या आणि शिक्षक यांचा हिशेब, जिवंत मॉडेल, चुका कशा दुरुस्त करतात, स्वच्छता, आणि ‘का’ विचारल्यावर येणारं उत्तर. या पाच गोष्टी एका अर्ध्या दिवसात बघून होतात. राहिलं सर्टिफिकेट, सलोनची वाट आणि पैसा.

सर्टिफिकेटच्या बाबतीत घरच्यांचं अगदीच चूक नाही. पण बघायचं ते एवढंच की परीक्षा घेतं कोण. संस्था स्वतःच शिकवते, स्वतःच तपासते, स्वतःच शिक्का मारते, तर त्या कागदाची किंमत संस्थेच्या नावापुरती. बाहेरून परीक्षक येत असेल तर शिक्षकांवरही दडपण राहतं आणि शिकवणं आपोआप नीट होतं. हस्तव्यवसायांच्या परीक्षा घेणारी लंडनची सिटी अँड गिल्ड्स 1878 ची आहे, सौंदर्यशास्त्रातली सिडेस्को ही आंतरराष्ट्रीय संघटना 1946 ची आहे. शिवाय बहुतेक देशांत सरकारमान्य व्यवसाय परीक्षा असतेच. मात्र भिंतीवर ‘संलग्न’ लिहिलेलं पुरेसं नाही. हे केंद्र आत्ता, या वर्षी, नेमक्या कोणत्या अभ्यासक्रमासाठी मान्यताप्राप्त आहे, हे त्या मूळ संस्थेकडूनच तपासा. एका छोट्या कोर्सची मान्यता दाखवून सगळे कोर्स त्याच नावावर विकणं चालतं.

ओळखीच्या सलोनची वाट मला मनापासून आवडते, पण एकटी पुरत नाही. तिथे वेग येतो, ग्राहकाशी वागायचं कळतं, दिवसाचा गल्ला कसा जमतो हे दिसतं. अडचण अशी की तिथे जे विकलं जातं तेवढंच तुम्ही शिकता. ब्लो ड्राय आणि टच-अप (मुळांना पुन्हा रंग) जास्त चालत असेल तर वर्षभराने तुम्ही त्या दोन गोष्टींत पटाईत आणि बाकी कोऱ्या. शिवाय मालकीण कितीही भली असली तरी गर्दीच्या दिवशी ती तुम्हाला ‘का’ समजावत बसणार नाही. पहिले काही महिने झाडणं, टॉवेल, शाम्पू यात जातात. त्यात वावगं काही नाही, उत्तम शाम्पू करणारी मुलगी मी डोळे मिटून ठेवून घेते. पण किती महिने, आणि त्यानंतर काय, हे आधी बोलून घ्या.

अकॅडमीच्या सहा महिन्यांबद्दल: काही फार चांगल्या असतात, विशेषतः कटिंगमध्ये. लंडनच्या केशकर्तनकार व्हिडाल ससूनने 1960 च्या दशकात हेअरकटला भूमितीची शिस्त लावली, तेव्हापासून सेक्शन, कोन, गाइडलाइन अशा टप्प्यांनी शिकवायची पद्धत चांगल्या अकॅडम्यांनी पक्की धरलीय आणि तिचा फायदा होतो. पण त्यातल्या बऱ्याच जागा काम येत असलेल्यांची धार वाढवायला उत्तम आहेत. कोऱ्या पाटीला सहा महिन्यांत केस, त्वचा, मेकअप, नखं असं सगळं देतो म्हणणारा कोर्स प्रत्येकातलं चिमूटभर देतो.

पैशाचं बोलणं लेखी करा. फीमध्ये किट, परीक्षा शुल्क, सरावाचं सामान, नापास झाल्यास पुन्हा परीक्षा, यांतलं काय धरलंय आणि काय वेगळं आहे? मध्ये सोडावं लागलं तर किती परत मिळणार? ‘आजच भरलं तर सवलत’ म्हणणाऱ्याला ‘उद्या येते’ म्हणा, सवलत उद्याही असते. चकचकीत पेटीतल्या किटवर भाळू नका. त्यातली यादी मागा. तुमच्या हाताच्या मापाची एक चांगली साडेपाच इंची कात्री त्या पेटीतल्या चाळीस ब्रशांपेक्षा जास्त दिवस कामाला येईल. आणि ‘100 टक्के प्लेसमेंट’ दिसलं की गेल्या महिन्यात नव्हे, दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोघीतिघींशी बोलायला मागा. आज काय काम करतात, पहिला हेअरकट स्वतंत्रपणे कधी करू दिला, हे विचारा. त्या अजून या धंद्यात आहेत की नाहीत, इथूनच बरंच काही समजतं.

तुमच्या तीन पर्यायांत, न बघता सांगायचं तर मी वर्षभराच्या कोर्सकडे झुकेन आणि त्याच वर्षी ओळखीच्या सलोनमध्ये आठवड्यातून एक दिवस मागून घेईन. जुनी यंत्रं, रंग उडालेल्या भिंती याकडे दुर्लक्ष करा. वाफेचं मशीन नवं असो की जुनं, वाफ तीच असते. मात्र तिथली बॅच मोठी आणि खुर्च्या कमी निघाल्या, आणि अकॅडमीत आठदहा जणांची बॅच असून बाहेरचे ग्राहक येत असले, तर मी मत बदलेन. मग अकॅडमीतून फक्त केस घ्या, त्वचा आणि बाकीचं नंतर. ‘सगळं एकत्र घेतलं तर स्वस्त’ हा हिशेब कागदावरच स्वस्त असतो.

नोकरीबद्दल शेवटचं. वर्षभराच्या कोर्सला संध्याकाळची किंवा सुट्टीच्या दिवसाची बॅच असेल तर राजीनाम्याची घाई करू नका. फक्त त्या बॅचला ग्राहक येतात का ते विचारून घ्या. काही संस्थांत बाहेरचे लोक दिवसाच येतात आणि संध्याकाळच्या मुलींच्या वाट्याला वर्षभर डमीच राहते. तसं असेल तर आठवड्यातून एखादा दिवस दिवसाच्या बॅचला बसू देतील का, हे प्रवेश घेण्याआधी विचारा आणि प्रवेश अर्जावर लिहून घ्या.